पन्नीची धुरी

रुखमिणी बाळंतिणीची खोली सोडून तडक विटाभट्टीवर गेली, तेव्हा तिच्या हातांना अजून तेल होतं. नातीला पायांवर घेऊन चोळता चोळता पोरीच्या छातीतली घरघर तिच्या तळहाताला लागली, अन् बाईचं डोकंच फिरलं. पोर लेकीच्या, राखीच्या, पुढ्यात दिली, पदर खोचला अन् निघाली. "अवो, हात तं पुसून जा!" असं तिचा नवरा ताराचंद मागून ओरडत होता. पण रुखमिणी एकदा निघाली की तिला अडवायची कोणाची टाप आहे? गाव तिला दोन गोष्टींसाठी ओळखायचं, एक तिचं तोंड अन् दुसरे तिचे हात. तोंडाला लोक भ्यायचे आणि हातांना मानायचे. गावातली निम्मी पोरं जन्मल्यावर तिच्याच पायांवर न्हाली होती.

आंबागडच्या किल्ल्याच्या डोंगराखाली हे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधे जुना तलाव, अन् तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, वासुदेवरावांची विटाभट्टी. कच्च्या विटांची घराएवढी रास रचायची, थराथरात कोंडा भरायचा, खाली ठेवलेल्या तोंडांतून लाकूड घालून पेटवून द्यायची, की ती कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत राहते. आधी ही भट्टी धानाच्या कोंड्यावर जळायची. डोळे चुरचुरायचे, पण लोक ते सोसून घ्यायचे. आता कोंडा ट्रक भरभरून वीज बनवणाऱ्यांकडे जातो. मग वासुदेवरावांनी अक्कल लढवली अन् शहरातून कचरा आणायला सुरुवात केली. चपलांच्या तळव्यांची कातरणं, फोम, टायरचे तुकडे, बिस्किटांच्या वाया गेलेल्या वेष्टनांचे गठ्ठे, अन् पन्नी. पन्नी म्हणजे तुमची ती प्लास्टिकची पिशवी, तिचे तर डोंगर यायचे. फुकटचा माल, अन् भडकतोही कसा झक्कास! धूर काळा, जाड, जरासा गोड वासाचा, घशात बसला की उतरायचं नाव घेत नाही. बायांनी वाळत टाकलेल्या लुगड्यांवर काळे कण पडायचे. विटा मात्र लालबुंद निघायच्या. का नाही निघणार? विटांना कुठं श्वास घ्यायचा असतो?

"वासुदेवभाऊ! या इकडे बाहेर!"

वासुदेवराव टिनाच्या शेडखाली खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. रुखमिणीचा आवाज ऐकून त्यांनी फोन कानावरून खाली घेतला. "काय झालं वो रुखमिणीबाई? बाळंतीन बरी हाय ना?"

"बाळंतीन बरी हाय. तिचं लेकरू बरं नाही. छाती राइस मिलवानी वाजून राहिली तिची. या, हात लावून पाहा!"

"आता थंडीचे दिवस हायेत, सर्दी-पडसं—"

"सर्दी तुमच्या घरात ठेवा! मले सर्दी शिकवता का? हा धूर हाय तुमचा, जी. टायर जाळता, पन्नी जाळता, अन् तो सीधा माझ्या घरात येते. पहिल्या बाळंतपनाले माझी पोरगी माहेरी आली हाय. चार दिवस सुखाचे खायाले आली, तुमचा धूर खायाले नाही आली!"

विटा वाहणारी माणसं हातातलं काम टाकून पाहू लागली. त्यांच्यात तिचा थोरला मुलगा सूरजही होता. भट्टीवरचा ट्रॅक्टर तोच चालवायचा, शहरातून आलेला कचरा ट्रॉलीत भरून तोच आत ओढायचा. आईला पाहताच त्याला इंजिनात एकदम काहीतरी बिघाड दिसला, अन् तो तिथं डोकं घालून बसला.

"अन् तू बे!" रुखमिणी तिकडे वळली. "इंजिनात काय पाहतो? आपल्या भाचीच्या नाकात काय भरून राहिला, ते पाय जरा!"

सूरजनं डोकं इंजिनात आणखी आत घातलं.

वासुदेवराव तसे वाईट माणूस नव्हते, म्हणजे गावाला नडणाऱ्या पैसेवाल्यांत जेवढे बरे असतात तेवढे बरे होते. देवळाला देणगी द्यायचे, मयतीला ट्रॅक्टर पाठवायचे. त्यांना रुखमिणीचे तेलाचे हात दिसले. त्यांचा पोरगा गोलू निळा पडून जन्माला आला होता तेव्हा याच हातांनी त्याला उलटा धरून रडवला होता, हे त्यांनाही आठवत होतं अन् तिथं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनाही.

"हे पाहा," ते म्हणाले, "पेटलेली भट्टी मधात विझवता येत नाही. पन ही सरतच आली आता. पुढची रचून तयार हाय, ती मी लावत नाही. तुझी पोरगी नातीले घेऊन सासरी जाईपर्यंत लावत नाही. शब्द देतो. झालं समाधान?"

"चार मानसांच्या देखत दिला बरं का शब्द!"

"हाव वो माय, चार मानसांच्या देखत."

रुखमिणी परत निघाली ती लढाई जिंकल्यासारखी. अन् जिंकलीच होती म्हणा. त्या भट्टीचा धूर रोज थोडा थोडा उतरत गेला, मग नुसती गरम हवा निघत राहिली, अन् एका सकाळी लोकांनी पाहिलं तर डोंगरावरचा किल्ल्याचा तट साफ दिसत होता. बाया पाण्याला जाताना तिच्या दाराशी थांबून म्हणायच्या, "रुखमिणीबाई, तुम्ही होत्या म्हनून जी. आमच्या मानसांत कोनाची छाती नव्हती." ती नुसती मान हलवायची. मनातून मात्र खूश होती.

पण पोरीची घरघर थांबेना.

आता माझं डोकं कुठं फिरतं, ते ऐका. राखीची खोली घराच्या मागच्या बाजूला. खिडकी बंद, अन् फटीतून वारं येऊ नये म्हणून तिला खताच्या रिकाम्या पोत्यांचा पडदा ठोकलेला. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, हा रुखमिणीचा कायदा. बाजेखाली मातीची शेगडी, तिच्यात निखारे. बाळंतिणीच्या कंबरेला शेक, अन् न्हाऊ घातल्यावर बाळाला धुरी. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या साली टाकायच्या अन् पोरीला त्या धुरावरून फिरवायचं. रुखमिणीच्या आईनं केलं, आजीनं केलं, तिनं गावभर केलं. आरोग्यकेंद्राची आशाताई एकदा घरी येऊन सांगून गेली होती की आजी, आजकाल धुरी देत नाहीत, शेक द्या पण धूर नको. रुखमिणीनं तिला अशी झापली, की ती पोरगी पुन्हा त्या गल्लीतच फिरकली नाही.

त्यातच अवकाळी पाऊस आला. अंगणात रचलेल्या गोवऱ्या भिजून मऊ झाल्या. ओली गोवरी पेटवायची कशी? गाव पेटवतं तशीच. चुलीमागं दुधाच्या पन्न्या, तेलाच्या पन्न्या, किराण्याच्या पन्न्या कोंबून ठेवलेल्या असतात. एकीचा बोळा करायचा, त्याला काडी लावायची. तो टपटप वितळत गोवरीवर पडतो, निळ्या जाळाचे थेंब पडतात, अन् गोवरी धरते. घासलेटचं रेशन बंद झाल्यापासून सगळ्या गावाची चूल अशीच पेटते, अंघोळीचा बंब असाच पेटतो, शेकोटी अशीच पेटते. याला कोणी जाळणं म्हणतच नाही. रुखमिणीला कोणी विचारलं असतं, बाई, शेगडीत तू काय जाळते, तर तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं, गोवरी. अन् तिला ते खोटं वाटलं नसतं. भट्टीवर जाऊन पन्नीच्या नावानं बोंब मारणारी बाई घरी येऊन रोज दोन वेळा पन्नी पेटवत होती. बंद खोलीत, बाजेखाली, पोरीच्या नाकापासून हातभर अंतरावर. सांगा आता, कोणाला शिव्या द्यायच्या?

"आई, थोडीशी खिडकी उघडू का?" राखी एकदोनदा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

"वारं लागून कंबर धरली तं जनमभर रडशील. निज गुमान."

पोर दूध ओढेनाशी झाली तेव्हा शेजारची ललिताबाई आली. तिनं पोरीकडे पाहिलं, राखीकडे पाहिलं, अन् हलक्या आवाजात म्हणाली, "नजर लागली वो. गोरी पोरगी हाय, न लागन तं काय?" मग मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका उठला. मग छाती मोकळी व्हावी म्हणून रुखमिणीनं धुरी आणखी वाढवली. धुरी वाढवायची तर निखारे जास्त हवेत, निखारे जास्त हवेत तर गोवऱ्या जास्त, अन् गोवऱ्या ओल्या. चुलीमागच्या पन्न्या भराभर सरत होत्या. "काऊन एवढी धुरी देते वो, लेकरू गुदमरन," असं ताराचंद दारातून म्हणाला, तर त्यालाच ऐकून घ्यावं लागलं की मानसाच्या जातीनं बाळंतिणीच्या खोलीत नाक खुपसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे ओठ जांभळे दिसले. रडायलाही तिच्यात जोर नव्हता, नुसतं तोंड वासत होती. राखीनं अशी किंकाळी फोडली की अर्धी गल्ली दाराशी जमा झाली. सूरजनं कोणाची तरी जीप आणली, अन् सगळे तुमसरला दवाखान्यात पोचले. पोरीला आत नेलं, नाकाला नळी लावली. जावई गोसीखुर्दकडून निघाला होता. धरणात गाव गेल्यावर पुनर्वसनाच्या घरात राहायला आलेले ते लोक, तिकडून यायला त्याला दुपार होणार होती.

डॉक्टरबाई तरुण होती, दमलेली होती. पोरीला तपासून ती बाहेर आली अन् विचारलं, "घरात धूर होतो का?"

रुखमिणी याचीच वाट पाहत होती. "घरात नाही हो, डाक्टरबाई, गावात होते! आमच्या इथं भट्टी हाय. काय काय जाळते तो मानूस, टायर जाळते, चपला जाळते, पन्नी जाळते. तुम्हीच लिहून द्या मले कागदावर, मी त्याले कोर्टात उभा करतो!"

"भट्टी आत्ता चालू आहे?"

"नाही. मी बंद पाडली."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस."

"आणि पोरगी जास्त आजारी कधी झाली?"

रुखमिणी बोटांवर दिवस मोजू लागली, अन् मधेच थांबली.

"शेक देता का घरी? शेगडीत काय जाळता?"

"गोवरी. अन् ओवा, शेपा, लसून. दुसरं काय जाळन?"

"आणि शेगडी पेटवता कशानं?"

"पन्नीनं," बाकावरून राखी म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"सगळेच पेटवतात!" रुखमिणी उसळली. "एवढुसा बोळा असते, बाई, एवढुसा. ते काय जाळनं झालं का?"

डॉक्टरबाई तिच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर रुखमिणीला बरं वाटलं असतं, परत ओरडता आलं असतं. "आजी," ती म्हणाली, "ती पन्नी, ते टायर, त्या चपला, सगळं जमिनीतल्या एकाच तेलापासून बनतं. ज्यातून पेट्रोल निघतं ना, त्यातूनच. जळलं की त्याचं विष होतं. भट्टीत जळलं तरी तेच, शेगडीत जळलं तरी तेच. भट्टी तुमच्या घरापासून लांब होती. शेगडी बाजेखाली होती." एवढं बोलून ती आत गेली.

रुखमिणी राखीकडे वळली. राग कुठंतरी काढायलाच हवा होता. "मले आधी काऊन नाही बोलली तू? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुझ्यासमोर कोन बोलते, आई?" राखी म्हणाली. आता तिनं वर पाहिलं, अन् रुखमिणीला आपल्या लेकीचे डोळे ओळखू आले नाहीत. "वास येत होता मले. रोज येत होता. मी तोंड भिंतीकडे फिरवून घेत होती. तिले तोंड फिरवता येत नव्हतं."

रुखमिणी व्हरांड्यात आली. काचेतून नात दिसत होती, नाकावर नळी, पोट खालीवर होतंय. बाई रडली नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, अन् तिनं मारली. पहिली जोरात बसली, दुसरी त्याहून जोरात. तिसरीच्या वेळी ताराचंदनं मनगट धरलं. बाकड्यांवरचे लोक पाहत होते. "पाहू दे," ती त्याला म्हणाली, "पाहू दे त्याइले. मोठी आली भट्टी बंद पाडनारी!"

पोर वाचली. हळूहळू ओठांचा रंग परतला, मग दूध ओढू लागली. राखीला आता माहेरीच जायचं होतं. सासू नसलेलं घर तिचं, तिकडे पुरुषांचा स्वयंपाक करता करता बाळ कोण पाहणार होतं? अन् पोरीचं नाव आईच्या अंगणात, गावच्या बायांच्या देखत ठेवायचं, हे तिनं गरोदरपणापासून मनात धरलेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाली, "न्या घरी. पण हिला धूर अजिबात चालणार नाही. शेगडी नाही, उदबत्ती नाही, भट्टी तर नाहीच. भट्टी पेटली की हिला तिथं ठेवायचं नाही. पुन्हा अशी आली तर मी काही सांगू शकत नाही."

रुखमिणी एक दिवस आधी गावात आली, खोली तयार करायला. खिडकीवरची पोती ओरबाडून काढली. भिंती घासल्या. शेगडी पारीवर नेऊन दगडानं फोडली. चुलीमागच्या पन्न्या काढायला बसली, तर निघता निघेनात. चुलीमागं, बाजेखाली, पत्र्याच्या सांदीत, गोठ्यात, अन् शेणाच्या उकिरड्यात तर कुदळ मारावी तिथं पन्नी. अंगणात ढीग लागला. आता याचं करायचं काय? जाळावं, तर हात धजत नाही. पुरावं, तर बांधीत नांगराला लागते. फेकावं, तर गाय खाते. कोणी आणून दिलं हे सगळं आमच्या घरात, अन् परत कुठं न्यायचं ते का नाही सांगितलं? ती त्या ढिगासमोर बसून कितीतरी वेळ शिव्या देत होती. कोणाला देत होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी दोन पोत्यांत भरून तोंडं बांधली अन् पोती पडवीत ठेवली. ती अजून तिथंच आहेत, त्यांना न्यायला कोणी आलं नाही.

तेवढ्यात ललिताबाई धावत आली. "रुखमिणीबाई, वासुदेवभाऊ भट्टी लावून राहिले! पुढची!"

"अशी कशी लावते? शब्द दिला हाय त्यानं."

ललिताबाई पदराशी चाळा करू लागली. दवाखान्यातली गोष्ट हिनंच गावभर केली होती, दुसरं कोण करणार? "ते म्हनतात, भट्टीचा काही दोष नव्हता. तुमच्या शेगडीनं झालं म्हनतात."

रुखमिणी पोचली तेव्हा विटांच्या राशीच्या तोंडांत लाकडं भरून झाली होती, अन् लाकडांत टायरचे तुकडे अन् पन्नीचे गठ्ठे कोंबलेले होते. गाव जमलं होतं. बायाही होत्या. वासुदेवरावांनी तिला येताना पाहिलं, पण या वेळी ते खुर्चीतून उठले नाहीत.

"शब्द दिला होता तुम्ही," ती म्हणाली.

"दिला होता. माझ्या धुरानं तुझी नात आजारी पडली, असं तू सांगितलं म्हनून दिला होता. डाक्टरनं काय सांगितलं? सांग ना चार मानसांच्या देखत. त्या दिवशी चार मानसं पाह्यजे होती ना तुले?"

लोक तिच्याकडे पाहू लागले. तिला वाटलं, परत जावं, घरात घुसावं, दार लावून घ्यावं. पण तिच्या रागाला लाज कधी पुरली नव्हती, अन् आजही पुरली नाही.

"सांगतो," ती म्हणाली. "मीच केलं. शेगडी पन्नीनं पेटवत होती मी. माझ्या हातानं माझ्या नातीचा गळा धरला. अन् तुमच्या लेकरांचाही धरला असन!" हे ती बायांकडे वळून म्हणाली. "तुमच्या घरी न्हाऊ घालाले आली, तिथंही तशीच पेटवली. तुमच्याच चुलीमागची पन्नी होती, अन् तुम्हीच आनून देत होत्या. आता मले शिव्या द्या, मारा, मी उभी हाय इथं."

 एका पोरसवदा बाईनं कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं अन् दोन पावलं मागं सरली.

"पाहा, कबूल केलं बाईनं," वासुदेवराव म्हणाले. "तू शेगडी पेटवली, मी भट्टी पेटवतो. फरक काय?"

"फरक एवढाच, जी, की मी आता पेटवत नाही! शेगडी फोडली मी. तुम्ही काय फोडून राहिले? माझ्या शेगडीनं एक पोरगी मरता मरता राह्यली, तं तुमच्या या घराएवढ्या शेगडीनं काय होत असन? माझा गुन्हा निघाला म्हनून तुमचा धुतला गेला का? उद्या येऊन राहिली माझी पोरगी. डाक्टरनं सांगितलं, भट्टी पेटली तं लेकराले गावात आनू नका. एक महिना थांबा. पन्नी नका टाकू, कोंडा टाका, लाकूड टाका, काहीही टाका. हात जोडतो मी."

तिनं खरंच हात जोडले. गावानं रुखमिणीला कधी कोणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं. वासुदेवरावांनी तिच्यावरून नजर काढून माणसांवरून फिरवली. "मी तं थांबतो," ते म्हणाले. "कच्च्या विटा पावसानं माती होऊन जातील, होऊ द्या. महिनाभर काम बंद. चालते का तुम्हाले? सांगा, बंद ठेवू का?"

कशी नेमकी जागा धरली बघा लेकाच्यानं. माणसं जमिनीकडे पाहू लागली. ज्या बायांनी रुखमिणीच्या दाराशी थांबून तिचं कौतुक केलं होतं, त्या आपापल्या नवऱ्यांकडे पाहू लागल्या, अन् नवरे पायानं माती उकरू लागले. 

"अरे, बोला ना बे कोनी!" रुखमिणी ओरडली. "लेकरं नाहीत का तुम्हाले? उद्या तुमची पोरगी येईल बाळंतपनाले, तिले काय सांगाल?"

"सूरज," वासुदेवराव म्हणाले, "लाव."

सूरज पुढं होता. हातात पेटता टेंभा होता. त्यानं आईकडे पाहिलं. रुखमिणी नुसती त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. तिला वाटलं होतं, माझ्या पोटचा आहे, टेंभा टाकून देईल. सूरजच्या तोंडावर घाम आला होता. त्यानं एकदा मालकाकडे पाहिलं, अन् खाली वाकून टेंभा पहिल्या तोंडात सारला. पन्नी भस्सकन पेटली. मग दुसऱ्या तोंडात. काळा धूर विटांच्या फटीफटीतून वर निघाला, अन् पारीवरून गावाकडे वळला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यानं काढून पाहिलं अन् तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"कोनाचा हाय?" रुखमिणीनं विचारलं.

"राखीचा."

"उचल."

"आई, तूच बोल—"

"उचल! मोठ्यानं लाव, सगळ्याइले आयकू जाऊ दे."

त्यानं काळ्या झालेल्या अंगठ्यानं फोन उचलला. "दादा," राखीचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी हसरा, "सुट्टी झाली, आजच! उद्याची वाट कायले पाहाची? आम्ही जीपमधे बसून राहिलो. आईले म्हन, चुलीवर पानी तापवू नको, गॅसवरच तापव. लेकरू झोपलं हाय मस्त. दादा? आयकून राहिला ना?"

"हाव."

"निघू का मंग?"

सूरजनं आईकडे पाहिलं. रुखमिणी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिनं हात पुढं केला नाही, मानही हलवली नाही. या वेळी ती त्याच्या जागी बोलणार नव्हती.

"राखी," तो म्हणाला, "घरी नको येऊ. तिकडंच जा, सासरी."

"काऊन? काय झालं? आई बरी हाय ना?"

"भट्टी पेटली."

"अशी कशी पेटली? वासुदेवकाकांनी आईले शब्द दिला होता! कोनं पेटवली?"

धूर आता सगळ्यांच्या अंगावर आला होता. कडेवरची लेकरं खोकू लागली तशा बाया त्यांच्या तोंडावर पदर धरून मागं सरल्या. रुखमिणी जागची हलली नाही.

"मी," सूरज म्हणाला. "मीच पेटवली."

 तिकडून जीपचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता, अन् झोपेतून उठलेल्या पोरीची कुरकुर. मग राखीनं फोन ठेवला.